मावसाजींचे एकोणऐंशी किलोमीटर

विजेच्या गाडीत बसण्याआधी तुम्हाला कुणी तुमचं वजन विचारलं आहे का? विचारलं नसेल, तर तुम्ही माझ्या मावसाजींच्या गाडीत बसलेले नाही, आणि विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये किती जाते याबद्दल तुमचं जे काही मत असेल ते ऐकीव आहे, असं मी नम्रपणे सांगते. या एका प्रश्नावर मावसाजींइतका विचार केलेला माणूस वाशिम जिल्ह्यात दुसरा नाही. गाडी बनवणाऱ्यांनी बॅटरीचा विचार केला, सरकारने धोरणाचा केला, मावसाजींच्या गावच्या, म्हणजे रिठदच्या लोकांनी त्यांच्या डोक्याचा केला. पण बॅटरी संपल्यावर आत बसलेल्या माणसाचं काय होतं, याचा विचार फक्त मावसाजींनी केला. तोही रोज, जेवताना आणि जेवणानंतर.

मावसाजी म्हणजे माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं ते एसटीत वाहक होते. कंडक्टर हा शब्द त्यांना चालत नाही. "चालक गाडी चालवते, वाहक मानसं वाहून नेते. मोठं काम कोन्तं, तूच सांग," असं ते विचारतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण शरीर अजून ड्युटीवरच आहे. काहीही न धरता, पाय किंचित फाकवून ते तासभर उभे राहू शकतात; उभ्या उभ्या चहा पितात आणि बशीत थेंब सांडत नाही. लग्नात मांडवाच्या तोंडाशी गर्दी झाली की त्यांच्या तोंडून "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या" असं आपोआप निघतं, आणि लोक खरोखर सरकतात. अंतर ते टप्प्यांत मोजतात. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. त्यामुळे वाशिम त्यांच्या घरापासून साडेतीन टप्पे आहे, आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान "टप्प्यातबी येत नाही", म्हणून तिथे ते पायीच जातात.

असा माणूस गाडी घेतो तेव्हा ती चालवत असेल असं तुम्हाला वाटेल. मावसाजींनी स्टिअरिंगला आजवर हात लावलेला नाही. गाडी मावशी चालवते. मावशी अंगणवाडी सेविका होती. माझ्या आईचे गुडघे गेले, तिला बसची पायरी चढवेना, तेव्हा मावशीने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वाशिमला ड्रायव्हिंगचा क्लास लावला. "बाई येऊ शकत नाही तं म्या जाईन. आन् तिले बसवून फिरवीन बी," एवढंच तिचं म्हणणं होतं. बाई म्हणजे मोठी बहीण, माझी आई. मावसाजी मागे, डाव्या दाराला लागून बसतात, कारण वाहकाची जागा तिथे असते. हातात तिकिटं टोचायचा जुना पंच. तो काचेवर दोनदा वाजला की गाडी निघते, एकदा वाजला की थांबते. मावशीने हे आधी थट्टा म्हणून चालवून घेतलं, मग शस्त्र म्हणून वापरलं. एकदा वाशिमच्या भर चौकात गर्दीमुळे गाडी थांबली आणि मागे मावसाजींचा डोळा लागला. पुढचा रस्ता मोकळा झाला, मागे हॉर्न वाजू लागले, मावशी ढिम्म. वाहतूक पोलीस काचेशी येऊन म्हणाला, "बाई, काढा ना गाडी."

"वाहकानं बेल देल्ली नाही," मावशी म्हणाली. "बेलशिवाय काढली तं घरी माह्यावर कारवाई होते."

पोलिसाने वाकून मागे पाहिलं आणि स्वतःच मावसाजींच्या काचेवर टिचकी मारली. मावसाजींनी डोळे उघडले. "एक बेल म्हनजे थांबा," ते त्याला म्हणाले. "दोन वाजवा."

गाडी घ्यायला गेलो तेव्हा मी सोबत होते. विक्रेता तरुण, गळ्यात टाय, चेहऱ्यावर उत्साह. त्याने हसत सांगितलं, "सर, एका चार्जमध्ये तीनशे बारा किलोमीटर."

"कोन्या रोडवर?" मावसाजींनी विचारलं.

"सर, टेस्टिंगमध्ये."

"टेस्टिंग कोन्या तालुक्यात आलं?"

"तसं नाही सर. कंपनीत गाडी रोलरवर ठेवतात आणि चाकं फिरवतात."

"म्हनजे गाडी गेली कुठंच नाही. उभ्या उभ्याच तीनशे बारा." मावसाजींनी बॉनेटवर हात ठेवला, जसा आपण फसवल्या गेलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. "आन् अंदर मानसं किती होते?"

"एकच असतो सर. ड्रायव्हर."

"वाहक?"

विक्रेत्याने हातातलं माहितीपत्रक उलटून पाहिलं. मी स्वतः पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती लिहायचे, छापून आणायचे, आणि आम्ही जयंतीच्या मिरवणुकीत, बसस्टँडवर, बाजारात ती वाटायचो. छापलेल्या शब्दाला उभं करून जाब विचारावा हे मला त्या कागदांनी शिकवलं. त्या दुकानात मावसाजींनी एका चकचकीत माहितीपत्रकाला जो जाब विचारला, तसा मी अजून कुणालाही विचारू शकलेले नाही.

गाडी दारात आली आणि दुसऱ्याच दिवशी मावसाजींनी स्वतःची चाचणी लावली. रिठद ते वाशिम, वाशिम ते रिठद, बॅटरी तळाला जाईपर्यंत खेपा. मावशी चालवणार, ते मागे बसून आकडा पाहणार. तिसऱ्या खेपेपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध चाललं होतं. चौथ्या खेपेला फाट्यावर उभ्या असलेल्या लोकांचा समज झाला की ही नवी सेवा सुरू झाली, आणि एका म्हातारीने हात दाखवला. इथे मावसाजींच्या स्वभावातली सगळ्यात मोठी अडचण सांगायला हवी. हा माणूस बॅटरीचा एकेक टक्का जिवापाड जपतो, पण रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की त्याचा पंच काचेवर एकदा वाजतोच. ते ठरवून करत नाहीत. आपण शिंकतो तसं ते होतं. म्हातारी बसली, तिचं गाठोडं बसलं, पाठोपाठ एक सोयाबीनचं पोतं आणि त्याचा मालक बसला. संध्याकाळी मावसाजींनी अख्खी चाचणी रद्द केली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर रुमाल बांधून मागच्या सीटवर आडवे पडून त्यांनी ती पुन्हा घेतली, कोणी दिसूच नये म्हणून. निकाल आला एकशे ब्याऐंशी. त्या दिवसापासून कंपनीचा तीनशे बारा हा आकडा घरात उच्चारायला बंदी आहे.

या एकशे ब्याऐंशीसाठी त्यांनी जे जे केलं त्याची यादी करायला मला वेगळी वही लागेल. बसणाऱ्याला वजन विचारणं हे त्यातलं किरकोळ. मावशीच्या विहीणबाई पहिल्यांदा गाडीत बसायला आल्या तेव्हा मावसाजींनी त्यांनाही विचारलं, आणि त्यांनी अंदाजे सांगितलेल्या आकड्यावर "हे कधीचं?" असा दुसरा प्रश्न विचारला; तेव्हापासून त्या बोलत नाहीत. हॉर्न वाजवायचा नाही, त्यात वीज जाते. समोर म्हैस आली की मावसाजी काचेतून डोकं बाहेर काढून "बाजू, बाजू" असं ओरडतात. गाडीत मोबाइल चार्जिंगला लावला की म्हणतात, "काहून तिच्या तोंडचा घास काढून राह्यली, पोरी?" वारा समोरून आहे की मागून, हे पाहायला ते हातरुमाल खिडकीबाहेर धरतात, आणि वारा समोरून असला तर मावशीला "जरा थांबू, पडन तो" असं सांगतात. वाशिम-रिसोड रस्त्यावरचा प्रत्येक चढ त्यांना पाठ आहे, कारण तिथे तिथे एसटीचं इंजिन कण्हायचं. उतार आला, पडद्यावर बॅटरीचा एक टक्का परत चढला, की त्यांचा चेहरा असा खुलतो जणू रस्त्याने त्यांची चूक कबूल केली. माझ्या पिशवीतला पत्रकांचा गठ्ठा त्यांनी एकदा अर्धा घरीच ठेवून घेतला. "इचार तुहे हलके नाहीत हे मले माहीत हाय," म्हणाले, "पन कागद त्याहून जड हाय."

आणि या सगळ्यावर एक नियम होता. अर्धं जायला, अर्धं यायला, आणि त्यातून दोन टप्पे काढून ठेवायचे. घरून निघालेली गाडी संध्याकाळी घरीच आली पाहिजे, घरच्याच विजेवर. एकशे ब्याऐंशीचे अर्धे एक्क्याण्णव, त्यातून बारा गेले, राहिले एकोणऐंशी. मावसाजींचं जग एकोणऐंशी किलोमीटरवर संपायचं. वाशिमला चार्जिंग मिळतं, मंगरूळपीरला ओळखीचे आहेत, असं कितीही सांगा, ते म्हणायचे, "तिथं लाईट गेली तं? रांग असली तं?" आमच्या घरी लावा म्हटलं तर, "तुमच्या गावची लाईट दुपारी दोनले जाते ते कधी येते?" आणि ते खरं होतं. मुक्काम करा, रात्रभर गाडी लावून ठेवा, म्हटलं तर त्यांचा चेहराच बंद व्हायचा. "मुक्कामी गाड्या लय केल्या म्या," एवढंच बोलायचे.

आमचं गाव कारंज्याच्या पलीकडे, रिठदपासून एकशे दोन किलोमीटर. म्हणजे मावशी ज्या बहिणीसाठी गाडी शिकली ती बहीण तेवीस किलोमीटरने जगाबाहेर राहत होती. पहिल्या वर्षी दोघींनी यावर तोडगा काढला. कारंज्याच्या अलीकडे, बरोबर एकोणऐंशीव्या किलोमीटरला, रस्त्याकडेला एक बाभूळ आहे. आईला मी ऑटोत घालून त्या बाभळीपर्यंत आणायची. तिकडून मावशीची गाडी यायची. दोघी सतरंजी टाकून बसायच्या, डबे उघडायच्या, रडून हसून घ्यायच्या, आणि मावसाजी घड्याळ पाहत गाडीभोवती फेऱ्या मारायचे. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं अपघात झाला आहे. एकदा एक जण पाणी घेऊन धावत आला होता. पुढे आईला ऑटोतही बसवेना. बाभूळ सुटली. मावशी बसने येऊन गेली असती, पण तिने हट्ट धरला: बहिणीच्या दारात जाईन तर स्वतः गाडी चालवत, नाहीतर नाही. सव्वा वर्ष दोघी फक्त फोनवर भेटल्या.

मग एप्रिलमध्ये आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. अमरावतीला, दोन्ही गुडघे. आई भूल द्यायच्या कल्पनेने मनातून पार घाबरली होती, आणि घाबरली की ती उलटं बोलते. आदल्या दिवशी सकाळी तिने मावशीला फोन केला आणि म्हणाली, "तू नको येऊ. ऊन लय हाय." मावशीने फोन ठेवला आणि चपला घातल्या. मी तेव्हा वाशिमला खोली घेऊन राहत होते. फोनच्या आदल्या रात्रीच रिठदला येऊन मावसाजींची समजूत घालत बसले होते. त्यांनी मान डोलावली नव्हती, पण गाडी चार्जिंगला लावली होती, आणि ते त्यांच्यासाठी पुष्कळ होतं. रात्री वीज गेली. सकाळी पडद्यावर सत्तर टक्के.

"एकशे सत्तावीस किलोमीटर," मावसाजी म्हणाले. "जाऊ. वापस नाही येऊ शकत."

"वापस कोन येऊन राह्यलं?" मावशी म्हणाली. "मुक्काम हाय."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग मागे जाऊन डाव्या दाराशी बसले आणि काचेवर पंच दोनदा वाजला.

एकशे दोन किलोमीटर जायचं आणि एकशे सत्तावीसची सोय. हिशेब पुरेसा होता. त्यात मी होते, म्हणून पत्रकं घरी ठेवली, एसी बंद, काचा इंचभर खाली. मंगरूळपीर ओलांडलं तेव्हा मावसाजी चक्क गुणगुणत होते. पुढच्या फाट्यावर भर उन्हात एक पोटुशी बाई आणि तिची सासू उभ्या होत्या. सासूने हात वर केला.

पंच एकदा वाजला.

गाव आत होतं, सहा किलोमीटर. "एकच टप्पा हाय," मावसाजी म्हणाले. मावशीने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, "जायचा एक, यायचा एक," म्हणाली आणि गाडी वळवली. उन्हाने त्या बाईचा जीव कासावीस होत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा मावसाजींनी स्वतःच्या तोंडाने "एसी लाव" म्हटलं. ती बाई घरी उतरली, परत रस्त्याला लागलो, आणि कारंज्याच्या दिशेने समोरून असा वारा सुटला की रुमाल बाहेर धरायची गरजच उरली नाही. कारंज्यात फोनवर चालू म्हणून हिरवं दिसणारं चार्जिंग केंद्र जागेवर गेल्यावर कुलूपबंद निघालं. "पोचते," मावशी म्हणाली. आमच्या गावाला नऊ किलोमीटर उरले तेव्हा पडद्यावर कासवाचं चित्र उगवलं. बॅटरी संपत आली की ही गाडी कासव दाखवते आणि तशीच चालते. मावशीने एका गावाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत गाडी घेतली.

समोर एक घर होतं. विटांचं, पत्र्याचं, अंगणात खाटेवर एक म्हातारे आडवे, आतून पंख्याचा आवाज.

मावसाजी उतरले आणि म्हणाले, "ढकलू."

"नऊ किलोमीटर?" मी विचारलं.

"दीड टप्पा हाय."

मी म्हटलं, गावातून ट्रॅक्टर बोलावते. मावसाजींना हे पसंत पडलं, मावशीला नाही. "दोर बांधून बहिणीच्या दारात नेता मले?" ती म्हणाली. "समोर घर हाय. घरात लाईट हाय. डिक्कीत तुमची वायर हाय, पन्नास फुटाची. मंग काय कमी हाय?"

मग गाडीच्या छताला टेकून, आमच्याकडे न बघता मावसाजींनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मुक्कामी गाडी घेऊन ते आणि चालक एका गावी गेले होते. गावाचं नाव ते अजूनही सांगत नाहीत. प्रवासी उतरले, दोघं पाणी मागायला एका घरी गेले. घरच्यांनी दोघांना नाव विचारलं, आडनाव विचारलं. चालकाला आत जेवायला बसवलं. मावसाजींना सांगितलं, तुम्ही गाडीतच थांबा.

"ताट गाडीत आलं," ते म्हणाले. "बेसन-भाकर होती. चांगली होती."

"खाल्ली तुम्ही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"भूक होती, पोरी."

नंतर चौतीस वर्षं ते घरून डबा नेत राहिले, घरून पाणी नेत राहिले, मुक्कामाला मागच्या लांब सीटवर झोपत राहिले. घरून आणलेलं जिथवर पुरेल तिथवर जायचं. एकोणऐंशी किलोमीटरचा नियम बॅटरीने घातलेला नव्हता. मी त्यावर दोन वर्षं हसत होते.

मावशीला हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "गाडी रस्त्यात बंद पडली तं पुढची सोय कोन पाह्यते?" तिने विचारलं.

"वाहक," मावसाजी म्हणाले.

"मंग पाहा. चालकानं सीट सोडायची नसते. तिकडं बाई वाट पाहून राह्यली."

मावसाजींनी शर्टाचं वरचं बटण लावलं, वायरचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि त्या दारात जाऊन उभे राहिले. आत चाळिशीची एक बाई चुलीवर कुरडयांचा चीक हाटत होती. मावसाजींनी एका दमात, स्टॉपची नावं सांगावी तसं सांगितलं: आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव, "रिठदचा. बौद्ध आहो. गाडी इजेची हाय, बंद पडली. वायर माही हाय. पिलग पायजे, पंधरा अँपिअरचा. नसन देनं तं तसं सांगा, आमी जातो."

बाईने चीक हाटता हाटता मान वर केली. "एवढं कायले सांगता? पिलग फ्रीजच्या मांगं हाय. फ्रीज मले एकटीले सरकत नाही. तुमी सरकवसान का?"

हो, नाही, आणि थांबा विचारून सांगते, या तिन्हींची तयारी करून मावसाजी आले होते. फ्रीजची नव्हती. "म्या?" त्यांनी विचारलं.

"माहे हात चिकाचे हायत. या ना अंदर. पापड वाळू घातले खाली, पाहून या."

मावसाजींनी बूट काढले. उंबऱ्याशी ते इतका वेळ थांबले की मला वाटलं परत फिरतात. मग एक पाय आत, पापडांच्या दोन रांगांमध्ये. दुसरा पाय त्यापुढे. सहा दशकं ओलांडलेला माणूस खांद्यावर वायर घेऊन अनोळखी स्वयंपाकघरात चवड्यांवर चालला होता, आणि गर्दीच्या एसटीत कधी तोल न गेलेला तो माणूस तिथे डुलत होता. फ्रीज सरकला. त्यामागून एक फणी, एक चमचा आणि एक चिमटा निघाला. "बाप्पा, हा चिमटा म्या दोन वर्षांपासून पाहून राह्यली," ती बाई म्हणाली. "सासऱ्यावर आळ घेतला होता त्याचा."

नऊ किलोमीटरला पाऊण तास पुरला असता. मावसाजींनी दोन तास लावले, कारण दोन टप्पे राखीव ठेवायचे होते, आणि कारण त्या बाईने त्यांच्या हातात सोऱ्या दिला होता. चीक घट्ट होण्याआधी कुरडया पाडायला हव्यात आणि हाताशी दुसरं कुणी नव्हतं. ती चीक भरायची, मावसाजी अंगणातल्या दुसऱ्या खाटेवरच्या प्लास्टिकवर गोल गोल कुरडया पाडायचे. मावशी शेवटी सीट सोडून आली आणि "गोल होत नाहीत तुमचे, टप्पे पाडून राह्यले तुमी" असं चिडवत शेजारी बसली. आम्हाला तिघांनाही वाट्यांत गरम चीक मिळाला, दूध-साखर घालून, आत, फ्रीजशेजारी जमिनीवर. मावसाजींनी दोन वाट्या खाल्ल्या. म्हातारे अंगणात भिंतीकडे तोंड करून पडलेले होते ते उठले नाहीत. ते झोपले होते की त्यांनी आडनाव ऐकून तोंड फिरवलं होतं, मला आजही माहीत नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर एक पत्रक लिहायला घेतलं होतं. ती बाई, त्यांची सून, आत-बाहेर करत राहिली आणि ते अर्धवट राहिलं. निघताना ती मावसाजींना म्हणाली, "वापस जातानी थांबजा. तोवर वाळतीन, घेऊन जा." फ्रीज त्यांनी जागेवर सरकवून दिला.

पाच वाजता आम्ही दारात पोचलो. आई खुर्चीत बसून रस्त्याकडे पाहत होती. "ऊन होतं तं कायले आली?" ती मावशीला म्हणाली आणि तिचा हात धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही. रात्रभर गाडी आमच्या घराला लावलेली होती, आणि वीज गेली नाही. सकाळी मावशीने आईला स्वतःच्या शेजारी बसवून अमरावतीला नेलं. ऑपरेशन नीट झालं. आई आता काठी टेकत अंगणाबाहेर जाते.

रिठदला परतल्यावर मावसाजींनी वायरमनला बोलावलं. गाडीवाल्यांसाठी पंधरा अँपिअरचा एक प्लग बसवायचा म्हणाले. वायरमनने बाहेरची भिंत दाखवली. रस्त्याला लागून, सोयीची. मावसाजींनी ऐकलं नाही. त्यांनी प्लग स्वयंपाकघरात बसवून घेतला, मधोमध, आणि दारापुढच्या ओट्यावर हाताने रंगवलेली पाटी लावली: विजेच्या गाडीसाठी प्लग आत आहे, या. मावशी म्हणते, वायर दारातून येईल तर माशा येतील. ते म्हणतात, येऊ दे.

याला आता सात-आठ महिने झाले. एकही गाडी थांबलेली नाही. त्या रस्त्याने विजेच्या गाड्या कमी जातात, आणि जातात त्यांना रिठदला थांबायची गरज पडत नाही. वाशिम जवळ, रिसोड जवळ. मावसाजी दुपारचे ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे विजेची गाडी दिसली की उभे राहतात, ती निघून गेली की थोडा वेळ तसेच उभे असतात, आणि मग मावशीला सांगतात, "भरलेली होती ते. म्या पाह्यलं." मी परवा गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, पाटीवरचं अक्षर लहान झालं असेल का.

म्हणून मी हे लिहिलं आहे, आणि तुम्हाला एक मागणं आहे. विजेच्या गाडीने वाशिमहून रिसोडकडे चालला असाल तर रिठदला थांबा. बॅटरी भरलेली असली तरी थांबा, फक्त खोटं सांगू नका, ते काचेतून आकडा पाहतात. नाव सांगा, नाही सांगितलं तरी चालेल. बूट दाराबाहेर काढा, आणि त्यांनी वायर घ्यायला हात पुढे केला तर देऊ नका. स्वतः घेऊन आत जा.